मूलद्रव्यांचे वर्गीकरण : इतिहास

रासायनिक मूलद्रव्यांची त्यांच्या गुणधर्मांतील साम्यभेदांनुसार पद्धतशीर मांडणी करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास. या प्रयत्नांतून सिद्ध झालेल्या तक्त्यास ‘आवर्त सारणी’ म्हणतात. सारणीत मूलद्रव्ये अणुक्रमांकाच्या (अणुकेंद्रातील प्रोटॉनांच्या संख्येच्या) चढत्या क्रमाने लिहिलेली असून सारख्या गुणधर्मांची मूलद्रव्ये एकाखाली एक येतात. आडव्या ओळीस आवर्त व उभ्या स्तंभास गट ही संज्ञा आहे. शाळेच्या भिंतीवरील तक्त्यामुळे ही मांडणी स्वयंसिद्ध वाटू लागते. वस्तुतः तिची कसोटी लागली ती तीत सहजी न बसणाऱ्या मूलद्रव्यांमुळे, आणि त्यांपैकी एकाची पहिली खूण कोकणापासून आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत दिसलेल्या एका सूर्यग्रहणात मिळाली.

सोने, चांदी, तांबे, लोखंड, शिसे, कथील, पारा व गंधक ही मूलद्रव्ये प्राचीन काळापासून परिचित होती. मात्र ती मूलद्रव्ये आहेत ही कल्पना त्या काळी नव्हती. अधिक साध्या पदार्थांत ज्याचे विघटन करता येत नाही तो पदार्थ म्हणजे मूलद्रव्य, ही प्रयोगावर आधारलेली व्याख्या आंत्वान लव्हॉयझर यांनी रूढ केली. १७८९ मध्ये त्यांनी दिलेल्या ३३ मूलद्रव्यांच्या यादीत प्रकाश व उष्णता यांचाही समावेश होता. जॉन डाल्टन यांच्या अणुसिद्धांतामुळे प्रत्येक मूलद्रव्याला अणुभार हा एक अंक प्राप्त झाला, आणि बर्झेलियस यांच्या परिश्रमपूर्वक मापनांनी हे अंक विश्वसनीय होऊ लागले.

अंक हाती आल्यावर त्यांत संगती शोधण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. योहान डोबरायनर यांनी १८२९ मध्ये तीनतीन सदृश मूलद्रव्यांची त्रिके दाखविली. लिथियम (७), सोडियम (२३) व पोटॅशियम (३९) यांमध्ये मधल्याचा अणुभार इतर दोहोंच्या सरासरीइतका येतो. क्लोरीन (३५.५) व आयोडीन (१२७) यांची सरासरी सुमारे ८१, तर ब्रोमिनाचा अणुभार ८०. हे साम्य लक्षणीय असले, तरी पुष्कळशी मूलद्रव्ये अशा त्रिकांबाहेरच राहत.

खरी अडचण अणुभारांविषयीच्या गोंधळाची होती. कोणी ऑक्सिजनाचा अणुभार ८ धरी, कोणी १६. कार्बनाचा ६ की १२ याविषयीही एकवाक्यता नव्हती. सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूए येथे भरलेल्या परिषदेत इटालियन रसायनशास्त्रज्ञ स्तानिस्लाव कॅनिझारो यांनी ॲव्होगाड्रो यांच्या गृहीतकाच्या आधारे हा गुंता सोडविण्याचा मार्ग मांडला. परिषदेत ठराव असा झाला नाही. परंतु कॅनिझारो यांची पुस्तिका घरी नेऊन वाचणाऱ्यांत लोथार मायर होते, आणि परिषदेस उपस्थित असलेल्या तरुण द्मीत्री मेंडेलेव्ह (१८३४–१९०७) यांच्यावरही कॅनिझारो यांच्या विचारांचा प्रभाव पडला. आवर्त सारणीचा पाया या परिषदेत घातला गेला, असे म्हणण्यास हरकत नाही.

यानंतर दहा वर्षांच्या आत निरनिराळ्या देशांतील अनेकांना आवर्तनाची कल्पना स्वतंत्रपणे सुचली. फ्रेंच भूवैज्ञानिक शांकूर्त्वा यांनी १८६२ मध्ये मूलद्रव्ये दंडगोलावरील सर्पिल रेषेवर मांडली. परंतु त्यांचा निबंध आकृतीवाचून छापला गेल्याने तो कोणास उमगला नाही. इंग्लंडमध्ये जॉन न्यूलँड्स यांनी १८६५ मध्ये ‘अष्टकांचा नियम’ सांगितला. सप्तकातील सात स्वरांनंतर आठवा स्वर पुन्हा षड्जच असतो, त्याप्रमाणे प्रत्येक आठवे मूलद्रव्य पहिल्यासारखे असते, असे त्यांचे म्हणणे होते. १८६६ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीत त्यांची थट्टा झाली. मूलद्रव्ये वर्णानुक्रमाने लावून पाहिलीत काय, असे त्यांना विचारण्यात आले. प्रश्न कुत्सित असला तरी नियमात दोष होताच. न्यूलँड्स यांनी रिकाम्या जागा न ठेवल्याने क्लोरीन व ब्रोमीन यांच्या पंक्तीत कोबाल्ट व निकेल येऊन बसले.

मेंडेलेव्ह सेंट पीटर्सबर्ग येथे प्राध्यापक होते व विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचा पाठ्यग्रंथ लिहीत होते. मूलद्रव्ये कोणत्या क्रमाने शिकवावीत, या अध्यापनाच्या प्रश्नातून त्यांची सारणी जन्मास आली. मार्च १८६९ (जुन्या रशियन पंचांगानुसार फेब्रुवारी) मध्ये त्यांनी त्या वेळी ज्ञात असलेल्या ६३ मूलद्रव्यांचा तक्ता तयार केला. लोथार मायर यांचा अणुघनफळांचा आलेख १८७० मध्ये प्रसिद्ध झाला व तोही तितकाच बोलका आहे. १८८२ मध्ये रॉयल सोसायटीने डेव्ही पदक दोघांना मिळून दिले, ते न्याय्यच होय. तरीही मेंडेलेव्ह यांचे धाडस वेगळ्या प्रतीचे होते. नियमाशी न जुळणारे अणुभारच चुकीचे असले पाहिजेत, असे त्यांनी म्हटले. युरेनियमाचा अणुभार १२० ऐवजी २४० धरावा, हे त्यांचे म्हणणे पुढे खरे ठरले. आणि जेथे योग्य मूलद्रव्य मिळेना तेथे त्यांनी जागा रिकामी ठेवून तेथील अज्ञात मूलद्रव्याचे गुणधर्म १८७१ मध्ये आगाऊ सांगितले.

या अज्ञात मूलद्रव्यांस त्यांनी एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन व एका-सिलिकॉन अशी नावे दिली. यांतील ‘एका’ म्हणजे संस्कृतातील ‘एक’ हा संख्यावाचक शब्द होय. गटातील एक घर पुढचे, असा त्याचा अर्थ. दोन व तीन घरांसाठी त्यांनी ‘द्वि’ व ‘त्रि’ हेही शब्द वापरले. पाणिनीचे संपादक ओटो बटलिंक हे पीटर्सबर्गलाच असल्याने संस्कृत वर्णमालेच्या शास्त्रशुद्ध रचनेचा मेंडेलेव्ह यांच्यावर प्रभाव पडला असावा, असे काही अभ्यासक म्हणतात. आपल्याला हा तर्क सुखद वाटला तरी तो तर्कच समजावा.

१८७५ मध्ये लकॉक द ब्वाबोद्रां यांना गॅलियम सापडले. त्याची घनता त्यांनी ४.७ दिली, तेव्हा मेंडेलेव्ह यांनी ती ५.९ च्या आसपास असावी असे कळविले. नमुना शुद्ध करून पुन्हा मोजता ती ५.९ भरली. १८७९ मध्ये स्कँडियम व १८८६ मध्ये जर्मेनियम मिळाले. एका-सिलिकॉनाचा अणुभार ७२ व घनता ५.५ सांगितली होती. व्हिंक्लर यांना जर्मेनियमासाठी ७२.३ व ५.४७ हे आकडे मिळाले.

सारणीवरील मोठे संकट मात्र वेगळ्याच दिशेने आले. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी आंध्रमधील गुंटूर येथून झांसेन यांनी, तसेच पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातून लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यांतील नारिंगी-पिवळी रेषा हर्शेल यांना सोडियमाची वाटली. नॉर्मन लॉकयर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, याच ज्वालांचा वर्णपट तपासला व ही रेषा सोडियमाच्या रेषांपासून थोडी बाजूस असल्याचे पुढे सिद्ध झाले. ‘सूर्य’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या अज्ञात मूलद्रव्यास हीलियम हे नाव पडले. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून लॉकयर यांनी तेथूनच हीलियमाचा शोध लावला असे सांगतात. विजयदुर्ग खग्रास पट्ट्यात होता हे खरे. पण लॉकयर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते. ते ग्रहणासाठी भारतात आले ते डिसेंबर १८७१ मध्ये, व केरळमधील बेकल येथे.

एका रेषेपलीकडे ज्याचा पुरावा नाही त्या द्रव्यास सारणीत घर देणे कठीणच होते. १८९४ मध्ये हवेतून मिळविलेला नायट्रोजन संयुगांपासून मिळविलेल्यापेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने जड का, याचा शोध घेताना रॅली व रॅम्झी यांना आर्गॉन सापडला. पुढील वर्षी रॅम्झी यांनी क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून हीलियम वेगळा केला. दोन्ही वायू कशाशीही संयोग पावेनात. शिवाय आर्गॉनाचा अणुभार जवळजवळ ४० असल्याने त्यास पोटॅशियम (३९) व कॅल्शियम (४०) यांच्यामध्ये जागाच नव्हती. आर्गॉन म्हणजे नायट्रोजनाचे तीन अणू असलेला रेणू असावा, असे खुद्द मेंडेलेव्ह यांना वाटले. १८९८ मध्ये निऑन, क्रिप्टॉन व झेनॉन मिळाले आणि मग कळले, की एखादे घर नव्हे तर एक संपूर्ण स्तंभच सारणीतून सुटला होता. हॅलोजनांनंतर ‘शून्य गट’ घालताच सर्व वायू नीट बसले व मेंडेलेव्ह यांनीही तो मान्य केला.

आर्गॉन व पोटॅशियम, टेल्यूरियम व आयोडीन या जोड्यांतील उलटा क्रम मात्र अणुभाराने उलगडत नव्हता. हेन्री मोझली यांनी १९१३–१४ मध्ये क्ष-किरण वर्णपटांवरून दाखविले, की मूलद्रव्यांचा क्रम अणुकेंद्रावरील विद्युत् भाराने ठरतो, आणि ४३, ६१ व ७५ ही घरे रिकामी असल्याचेही सांगितले. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या रणभूमीवर वयाच्या २७ व्या वर्षी ते मारले गेले. त्या घरांतील ऱ्हेनियम १९२५ मध्ये, टेक्नेशियम १९३७ मध्ये व प्रोमेथियम १९४५ मध्ये मिळाले. सारखेपणा पुनःपुन्हा का येतो याचे उत्तर इलेक्ट्रॉनांच्या कवचरचनेत मिळाले. ग्लेन सीबॉर्ग यांनी १९४० नंतरच्या दशकात ॲक्टिनाइडांची ओळ वेगळी काढली. ११३, ११५, ११७ व ११८ या क्रमांकांच्या मूलद्रव्यांना २०१६ मध्ये नावे मिळून सातवे आवर्त पूर्ण झाले.

हीलियमाच्या जागेविषयीचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. बाह्य कवचात दोनच इलेक्ट्रॉन असल्याने त्यास बेरिलियमाच्या डोक्यावर बसवावे, असे म्हणणारे काही रसायनशास्त्रज्ञ आहेत. प्रचलित सारणीत तो अक्रिय वायूंच्या स्तंभात निऑनाच्या वर दाखवितात.