खुराकातले औषध

बीड जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही. पीक हातचे गेले तरी दारातली दुभती गाय घराला तारून नेते. अशा गाईला कासदाह, म्हणजेच 'दगडी' झाली, की तिच्या सडात प्रतिजैविक सोडतात. ते योग्यच आहे. पण जनावर आजारी नसतानाही प्रतिजैविके चारण्याची प्रथा कोठून आली?

१९४८ साली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टाड कोंबड्यांच्या पिलांसाठी ब-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर उरणारा चोथा त्यांनी पिलांना चारला. पिले अपेक्षेपेक्षा झपाट्याने वाढली. चोथ्यात राहिलेल्या औषधाचा तो परिणाम होता. १९५१ मध्ये अमेरिकेत अशी औषधे पशुखाद्यात मिसळण्यास परवानगी मिळाली. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलीन तयार होऊ लागले ते १९५५ मध्ये. आपल्या रोग्यांसाठी तो कारखाना सुरू होण्यापूर्वीच तिकडे कोंबड्या प्रतिजैविके खात होत्या!

धोका या अल्प मात्रेतच होता. थोड्या औषधाने दुबळे जिवाणू मरतात. तग धरणारे उरतात आणि तेच वाढतात. १९५९ मध्ये जपानी संशोधकांना दिसले, की औषधाला दाद न देण्याचा हा गुण आतड्यातील ई. कोलाय आणि हगवणीचे जिवाणू एकमेकांना देऊ शकतात. म्हणजे गोठ्यात वा खुराड्यात बळावलेला हा गुण माणसाच्या रोगजंतूंपर्यंत पोचू शकतो. माणसांच्या उपचारांत लागणारी प्रतिजैविके वाढीसाठी खाद्यात घालू नयेत, असे ब्रिटनच्या स्वान समितीने १९६९ मध्ये सुचवले. युरोपीय संघात वाढीसाठीच्या वापरावर पूर्ण बंदी यायला मात्र २००६ साल उजाडले.

कोलिस्टिन हे इतर औषधे हरल्यावर वापरायचे औषध. त्याला दाद न देणारे, एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारे जनुक चीनमधील डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. जुलै २०१९ मध्ये भारताने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत व पशुखाद्यात कोलिस्टिनला बंदी घातली.

औषध चालू असताना आणि नंतरचे ठरलेले दिवस दूध डेअरीला घालू नये, हा नियम दुष्काळात घरखर्चाला जड जातो. तो का पाळायचा, हे वर्गात विरजणावरून समजावता येईल. दुधात औषधाचा पुरेसा अंश राहिला, तर विरजणातील जिवाणू वाढत नाहीत आणि दही नीट लागत नाही. असा अंश आपल्या आतड्यातील जिवाणूंमध्येही तग धरणाऱ्यांची निवड करू शकतो.