सातबाऱ्यावरचं 'झंझट'

आयटीत चार-पाच वर्षं काढली की बहुतेकांना एकच स्वप्न पडायला लागतं. अलिबागकडे, समुद्राजवळ, शांत गावात, बजेटमध्ये बसणारी दहा गुंठे जागा! मग एजंट सातबारा दाखवतो. 'इतर हक्क' रकान्यात कुळाचं नाव. "साहेब, ते झंझट आम्ही काढून देऊ." जागा स्वस्त असते ती बरेचदा या झंझटामुळेच.

पण ते नाव तिथे आलं कसं?

कोकणात सरकारला सारा भरायचा खोताने आणि राबायचं कुळाने. पिकाचा मोठा वाटा खोताला, वर वेठबिगार. आज फार्महाऊसच्या पाट्या लागलेल्या याच अलिबाग तालुक्यात चरी नावाचं गाव आहे. २७ ऑक्टोबर १९३३ ला तिथल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली ठरवलं, खोतांची जमीन कसायचीच नाही. आसपासची गावंही सामील झाली. हा संप चालला १९३९ पर्यंत! शेतकऱ्याने सहा पावसाळे डोळ्यांदेखत शेत पडीक ठेवायचं आणि मिळेल ती मजुरी करून पोरं जगवायची. (आपल्याला एक अप्रेझल हुकलं तर काय होतं, ते आठवा.)

१७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. पण १९३९ च्या कुळकायद्याने 'संरक्षित कूळ' मानलं, १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिना'पासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं.

१९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ यातलंच. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. माझे मित्र याला 'लायसन्स राज' म्हणतात. मला नाही पटत. कुळाच्या हाती आलेली जमीन पुन्हा पैसेवाल्याकडे जाऊ नये म्हणून ते कलम आहे, आणि इथे पैसेवाले म्हणजे आपणच की!

तेव्हा एजंटला विचारा, नाव काढणार म्हणजे नक्की कसं? कुळाच्या सगळ्या वारसांशी बोलून, रीतसर, की परस्पर? जुने फेरफार तहसील कचेरीतून स्वतः काढा. कचेरी शनिवारी बंद असते, रजा टाकावी लागेल.