मासा धडा शिकतो का?

अमेरिकेतल्या मस्कीला म्हणतात ‘दहा हजार वेळा गळ टाकल्यावर मिळणारा मासा’. पूर्वी पकडलेला मस्की सहसा घरी जायचा. शिकलेला धडाही त्याच्यासोबतच संपायचा. १९६६ मध्ये मिनेसोटात ‘मस्कीज इंक’ संस्था निघाली. पकडलेला मासा परत सोडा, असा तिचा आग्रह. म्हणजे मासा अनुभव घेऊन पाण्यात परत!

मग तो शिकतो? १९७० मध्ये डच संशोधक ब्यूकेमा यांनी मस्कीच्या जवळच्या भाऊबंदावर, पाईकवर केलेला प्रयोग छापला. चकाकत्या, फिरत्या पत्र्याला फसलेले पाईक नंतर त्याला टाळायला लागले. खऱ्या आमिषाला मात्र लागत राहिले.

मस्कीबद्दल मी यावरून अंदाजच बांधतोय. पण गळ रिकामा आला, म्हणून तळं रिकामं झालं असं लगेच धरू नका!