मनमाडला गाडी बदला

मंडळी, लेकीनं न्यू जर्सीहून फोन पाठवलाय. आयफोन १६. तिची एक मैत्रीण सुट्टीला आली होती, तिच्याबरोबर आला. "बाबा, तुमचा तो जुना ठोकळा आता सोडा," असा निरोपही सोबत होता.

दुपारी भाचा आला. त्यानं नेटवरून सगळी माहिती काढून वाचून दाखवली. ६.१ इंचांचा पडदा, ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा, १२८ जीबी जागा, वजन १७० ग्रॅम. त्याच्या मुलानं, म्हणजे आमच्या नातवानं, मध्येच नाक मुरडलं, "फक्त ६० हर्ट्झ? आजोबा, यापेक्षा निम्म्या किमतीच्या फोनला १२० असतं." मी गंभीरपणे मान हलवली. मला यातलं कळतं असा घरात एक समज आहे, तो मी मोडत नाही. :-)

मग सिमकार्ड घालायला कप्पा शोधायला लागलो. डावी बाजू बघितली, उजवी बघितली, खालून बघितलं. खोक्यात ती टोचायची पिनसुद्धा नाही! शेवटी रात्री लेकीलाच व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, "अहो बाबा, अमेरिकेत २०२२ पासून आयफोनला सिमचा कप्पाच नसतो. चौदा नंबरचा आला तेव्हापासून. ई-सिम घ्यावं लागेल तुम्हाला." भारतात विकल्या जाणाऱ्या सोळाला कप्पा आहे, अमेरिकेतल्या सोळाला नाही. नाव तेच, रंग तोच, आत वेगळं.

भाचा मात्र सकाळपासून निराळंच विचारत होता. त्याला कॅमेऱ्याचं काही नव्हतं. "मामा, अनलॉक्ड आहे ना? आणि बँड जुळतात का ते आधी बघू."

जुळतात का! हा प्रश्न ऐकला आणि मला मनमाडचं स्टेशन आठवलं.

आमच्या पिढीच्या मराठवाड्यातल्या माणसाला मनमाड सांगावं लागत नाही, पण नव्यांसाठी सांगतो. मुंबईहून भुसावळकडे जाणारी मोठी लाईन मनमाडवरून गेली ती १८६०च्या दशकात. ती ब्रॉडगेज, रुळांमधलं अंतर साडेपाच फूट. पुढे १८७०च्या सुमारास व्हाइसरॉय मेयोच्या काळात सरकारनं ठरवलं की साडेपाच फुटी रूळ फार महाग पडतात, तेव्हा दुय्यम मार्गांसाठी एक मीटरचे टाकावेत. आपल्या निजामी मुलखात मनमाड ते सिकंदराबाद हा रस्ता झाला तो असा मीटरगेजचा. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे तिचं नाव, लांबी सुमारे ३९१ मैल, आणि ती सुरू झाली विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही सगळी गावं त्या एका मीटरच्या रुळांवर लटकलेली.

म्हणजे काय, तर आपल्याकडचा डबा कितीही उत्तम असला तरी मनमाडच्या पुढे जाऊ शकत नव्हता. तिकडचं इंजिन कितीही ताकदवान असलं तरी इकडे येऊ शकत नव्हतं. माणसं उतरून दुसऱ्या गाडीत बसायची. ट्रंका, वळकट्या, मांडीवर झोपलेली पोरं, रात्रीचा प्लॅटफॉर्म आणि जोडगाडी लेट. माणसांचं एक वेळ चालतं, मालाचं काय? जालन्याच्या बाजूचा माल वॅगनमधून उतरवायचा, हमालांनी पाठीवर घ्यायचा, दुसऱ्या वॅगनमध्ये भरायचा. हमाली वेगळी, फूटतूट वेगळी, दिवस मोडायचे ते वेगळेच. मराठवाड्यात कारखाने का येत नाहीत यावर मी शाळेत असताना कितीतरी भाषणं ऐकली, त्या प्रत्येकात मनमाड असायचंच. गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्या मराठवाडा जनता विकास परिषदेनं रुंदीकरणाची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. अखेर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉडगेज आपल्या गावापर्यंत पोचलं आणि मनमाडला न उतरता मुंबईला जाता येऊ लागलं. पहिल्यांदा तसा गेलो तेव्हा मनमाड आल्यावर सवयीनं पिशवी उचलून उभा राहिलो होतो.

गंमत पहा, रुळांची ही कटकट मिटत होती तेव्हाच हवेतली सुरू झाली.

भारतात मोबाईल आला १९९५ साली. ३१ जुलैला कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना फोन लावला, तो पहिला कॉल. तेव्हा बोलायला मिनिटाला १६ रुपयांच्या घरात पडायचे आणि आलेल्या फोनचेही पैसे लागायचे, ते २००३ पर्यंत. आपण घेतली युरोपची जीएसएम पद्धत, ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झवर चालणारी. अमेरिकेत जीएसएम होतं, पण ते ८५० आणि १९०० वर. नाव एक, गेज दोन! २००१ साली आमचे मेव्हणे तिकडून आले, तेव्हा कौतुकानं आपला फोन इथंच ठेवून गेले. त्यात सिम घातलं की पडद्यावर दिवसभर 'नो सर्व्हिस'. आम्ही तो घेऊन गच्चीवर गेलो, टेकडीवर गेलो, एकदा तर म्हैसमाळच्या सहलीला नेला. रेंज नसेल असंच वाटत होतं. त्या फोनला इथली हवाच ऐकू येत नव्हती, हे कोण सांगणार?

मग आली दुसरी तऱ्हा, सीडीएमए. रिलायन्सनं ती सेवा २८ डिसेंबर २००२ रोजी, धीरूभाईंच्या जयंतीला सुरू केली. २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपयांची ती प्रसिद्ध योजना आली आणि मोबाईल रिक्षावाल्याच्या खिशात गेला. टाटा इंडिकॉमही त्याच पद्धतीची. हे फार मोठं काम झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यातल्या बहुतेक फोनमध्ये सिमकार्ड नसायचं. तुमचा नंबर फोनच्या पोटातच भरलेला. फोन, कंपनी आणि नंबर यांची एकच मोट बांधलेली, एक सुटलं की तिन्ही सुटलं.

मी २००४ साली तसा एक फोन घेतला होता, कंपनीचं नाव कशाला घ्या. पाच वर्षं चांगला चालला आणि २००९ च्या पावसाळ्यात भिजून गेला. दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. दुसरा कुठलाही फोन आणून तो नंबर त्यात चालवावा म्हटलं तर शक्य नाही. सगळे जीएसएमकडे जात होते, मीही गेलो. नवा फोन, नवा नंबर. जुने नंबर फोनमध्येच अडकलेले, जे पाठ होते त्यांना कळवलं. परभणीचा माझा एक मित्र, आम्ही बावीस वर्षं एका शाळेत शिकवलं, त्याला पत्र टाकीन म्हटलं. टाकलं नाही.

डिसेंबरमध्ये तो गेला. मला कळलं तेराव्याच्या दिवशी, तेही तिसऱ्याच माणसाकडून. नंतर भेटायला गेलो तेव्हा त्याचा मुलगा म्हणाला, "सर, बाबांच्या डायरीतल्या तुमच्या नंबरवर आठ-दहा वेळा लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही असं ती बाई सांगायची." दवाखान्यात असताना मित्रानं स्वतःही लावून बघितला होता म्हणे. यात कंपनीचा दोष मी धरत नाही. पंचवीस पैशांचं... नाही, तेव्हा पन्नास पैशांचं पोस्टकार्ड होतं, ते माझ्याच्यानं लिहून झालं नाही. कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवायची सोय देशभर लागू झाली २० जानेवारी २०११ ला. जेमतेम वर्षभराचं अंतर.

असो.

पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. २००८ च्या ऑगस्टमध्ये थ्रीजीचा आयफोन इथे विकायला आला तेव्हा खासगी कंपन्यांकडे थ्रीजीच नव्हतं, त्याचा लिलावच २०१० साली झाला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, ते थेट फोरजी घेऊन, खालचं टूजी-थ्रीजी काहीच नाही. फोनवरचं बोलणंसुद्धा फोरजीवरूनच. ज्यांच्या फोरजी फोनला ती व्होल्टीईची सोय नव्हती त्यांना साधा कॉल करायला वेगळं ॲप टाकावं लागलं. फाईव्हजी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला, पण फाईव्हजी लिहिलेले फोन लोकांनी दोन वर्षं आधीपासून घेऊन ठेवले होते. आणि सेवा आली तेव्हा आयफोनवाले डिसेंबरपर्यंत ताटकळले, कारण फोनमध्ये सगळं असूनही त्याला वरून परवानगी यायची होती! सीडीएमए ज्या ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालायचं, त्याच पट्ट्यात आता फोरजी चालतं. मीटरगेज उखडून त्याच मार्गावर ब्रॉडगेज टाकावं तसं.

तर माझ्या या फोनचं. भाच्यानं तपासलं, बँड इथले सगळे जुळतात. लेकीनं पूर्ण पैसे भरून घेतलाय, त्यामुळे तिकडच्या कुठल्या कंपनीला बांधलेलाही नाही. राहिलं ई-सिम. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, पाच मिनिटांचं काम आहे. जुनं कार्ड बंद होईल, नंबर नव्या फोनमध्ये जाईल." ते 'बंद होईल' ऐकलं आणि मी "रविवारी येतो" म्हणून उठलो. त्याला वाटलं असेल म्हातारा घाबरला. घाबरलोच.

रविवारी भाचा बरोबर येणार आहे. त्याचं म्हणणं, नंबर सगळे आपोआप नव्या फोनमध्ये येतात, काही करायचं नसतं. येतही असतील. मी आपली दोनशे पानी वही आणलीय आणि जुन्या फोनमधले नंबर एकेक करून उतरवून घेतोय. कालपासून 'ग' पर्यंत आलोय. ज्यांच्याशी दोन-तीन वर्षांत बोलणं नाही त्यांना लगेच फोनही लावतोय, त्यामुळे जरा वेळ लागतोय.