४९.६८ वर सगळं ठीक दिसत होतं

३० जुलै २०१२. रात्रीचे २ वाजून ३३ मिनिटं. उत्तर भारताचं वीजजाळं कोसळायच्या क्षणभर आधी त्याची फ्रिक्वेन्सी होती ४९.६८ हर्ट्झ. आदर्श आकडा ५०. म्हणजे तब्येत ठीकच. मग आजार होता कुठे?

त्यासाठी दहा वर्षं मागे जावं लागेल. मागणी वाढून पुरवठा कमी पडला की फ्रिक्वेन्सी घसरते, उलट झालं की चढते. नव्वदच्या दशकात ती संध्याकाळी ४८ पर्यंत उतरायची, रात्री ५१ च्या वर जायची. ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्या राज्याच्या खिशाला तेव्हा फारशी झळ बसत नसे. १ जुलै २००२ ला पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्र-गुजरातच्या जाळ्यात, 'अव्हेलेबिलिटी बेस्ड टॅरिफ' लागू झालं. जादा ओढलेल्या विजेचा दर आता फ्रिक्वेन्सीवर ठरू लागला: ती घसरली की वीज महाग, चढली की स्वस्त. फ्रिक्वेन्सी घराघरातल्या प्लगमध्ये एकच असते, त्यामुळे बाजारभाव कुठूनही वाचता यायचा. मला ही कल्पना आजही देखणी वाटते. आणि ती चालली. बाकीच्या विभागांनीही ती उचलली.

पण फ्रिक्वेन्सी साऱ्या जाळ्याची सरासरी तब्येत सांगते. एखाद्या तारेवर किती भार आहे, हे ती सांगत नाही.

त्या जुलैत उत्तरेत पाऊस रुसला होता, शेतपंप आणि कूलर धडाधड चालू होते. पश्चिमेत पावसाने मागणी उतरलेली, वीज शिल्लक. फ्रिक्वेन्सी बरी, म्हणून जादा वीज ओढणंही परवडत होतं. दोन्ही विभागांमधल्या बऱ्याच तारा बंद होत्या, त्यातली एक क्षमता वाढवण्यासाठी. सगळा लोंढा मध्य प्रदेशातल्या ४०० केव्ही बीना–ग्वाल्हेर तारेवर आला. करारात काहीही लिहिलेलं असो, वीज कमी अडथळ्याच्या वाटेने जाते. नियंत्रण कक्षाने ओढ कमी करायला सांगितलं होतं, पुरेसं कुणी ऐकलं नाही. तारेत बिघाड नव्हताच. जड भार आणि उतरलेला दाब पाहून रिलेला दूर कुठेतरी शॉर्टसर्किट झाल्यासारखं वाटलं आणि त्याने तार तोडली. सुमारे ३६,००० मेगावॅट गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता पुन्हा तीच तार. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही विभाग, ४८,००० मेगावॅट. दिल्ली मेट्रो बोगद्यात थांबली. पश्चिम बंगालच्या कोळसा खाणींत कामगार अडकले, नंतर सुखरूप वर आले.

दक्षिण मात्र उजळलेली राहिली. ती बाकी देशाशी फक्त एचव्हीडीसीने, म्हणजे डीसी दुव्यांनी जोडलेली होती. अशा दुव्यातून किती वीज जाऊ द्यायची हे माणूस ठरवतो, त्यामुळे पलीकडची पडझड इकडे येत नाही. पण असे दुवे महाग. त्यांच्या मर्यादेमुळे दक्षिणेला पश्चिमेची स्वस्त वीज पुरेशी मिळत नव्हती.

तरीही ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही तारेने दक्षिण बाकी देशाशी थेट जोडली गेली. दीड महिन्याने, १७ फेब्रुवारी २०१४ पासून नवे नियम आले. फ्रिक्वेन्सी कितीही छान असो, वेळापत्रकापेक्षा १२ टक्के किंवा १५० मेगावॅट, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त वीज ओढली तर वेगळा दंड. सोलापूरहून दक्षिणेकडे तोवर त्या तारेचं एकच सर्किट चालू होतं.