पगार, फलाट आणि 'भाऊला'

आमच्या कँटीनमध्ये दर शुक्रवारी काहीतरी खूळ निघतं. गेल्या शुक्रवारचं खूळ मुलुंडकराचं. (आम्ही चौघं एकमेकांना स्टेशनाच्या नावानेच हाक मारतो. मुलुंडकर, बोरिवलीकर, घाटकोपरकर आणि मी अंधेरीकर. खरी नावं फक्त एचआरला माहीत.) तर नियम असा की जेवण संपेपर्यंत "फक्त अस्सल मराठी" बोलायचं. परका शब्द तोंडातून गेला की पाच रुपये दंड. जमलेल्या पैशांचा चहा.

पहिली विकेट घाटकोपरकराची. "अरे, सर्व्हर..." एवढंच बोलला बिचारा आणि पाच रुपये गेले. घाटकोपरकर मूळचा गुजराती, पण मराठी आमच्याइतकीच सफाईदार. तो गप्प बसणाऱ्यातला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "तू कोश चाळत बसतोस ना? सांग, याच्या नियमात परके शब्द किती?" मी म्हटलं, दोन. 'फक्त' आणि 'अस्सल'. दोन्ही मूळचे अरबी, फारशीच्या हाताला धरून आपल्याकडे आले. मुलुंडकराला दहा रुपये दंड. तो म्हणाला, "पगार झाल्यावर देतो." पगार पोर्तुगीज! आणखी पाच. शेवटी 'चहा' चिनी निघाला आणि खेळ मोडला. :)

खेळ मोडला तरी विषय काही डोक्यातून जाईना. म्हणून या वीकेंडला कोड बाजूला ठेवून पुस्तकं काढली. मराठीत परके शब्द आले कुठून, त्यांना हाकलायचा प्रयत्न कोणी केला, आणि पुढे झालं काय?

सुरुवात आमच्या ऑफिसच्या आवारातूनच करू. आम्ही सीप्झमध्ये काम करतो. नावात 'सांताक्रूझ', प्रत्यक्षात अंधेरी पूर्व. (पोर्तुगीजमध्ये सांताक्रूझ म्हणजे पवित्र क्रूस.) सीप्झच्या कुंपणाच्या आत एक पडकं चर्च आहे. सेंट जॉन द बाप्टिस्टचं हे चर्च जेझुइट पाद्र्यांनी १५७९ साली बांधलं. १८४० मध्ये साथ आली, चर्च मरोळला हललं आणि जुन्या कोंडिविट्यातली ही इमारत ओस पडली. पुढे १९७३ साली भोवती सीप्झ उभं राहिलं. म्हणजे आम्ही जिथे बसून अमेरिकेतल्या क्लायंटचे बग सोडवतो, तिथे सव्वाचारशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज ऐकू येत होती.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहात वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना देऊन टाकली. साष्टी म्हणजे ढोबळमानाने आपली आजची उपनगरं, वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत आणि तिकडे घाटकोपर-मुलुंडवरून ठाण्यापर्यंत. मराठ्यांनी साष्टी घेतली १७३७ साली आणि चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ साली. मधली दोनशे वर्षं इथे पोर्तुगीजांचं राज्य. त्यांच्याकडून (इथे आणि गोव्यात मिळून) आपण काय काय घेतलं बघा: चावी, बालदी, घमेलं, परात, पिंप, फीत, लिलाव, तुरुंग, इस्पितळ, नाताळ, काजू, अननस, पपई, कोबी. आणि अर्थातच बटाटा आणि पाव. मराठी माणसाचा स्वाभिमान ज्या वडापाववर उभा आहे, त्यातला वडा तेवढा आपला. :) मिरचीचा शब्द आपला, पण मिरचीचं रोपही पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलं.

पण याच कहाणीचा दुसरा भाग मला जास्त विचार करायला लावतो. इथल्या ज्या कोळी, कुणबी, भंडारी वगैरे लोकांनी धर्म बदलला, त्यांची आडनावं डिसोझा-परेरा झाली, कपडे बदलले, सण बदलले. पण घरात बोलतात ती मराठीच, त्यांच्या वेगळ्या ढंगाची. हेच आपले ईस्ट इंडियन. (हेही एक नवलच! १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी त्यांनी हे नाव घेतलं, गोवा-मंगळूरकडून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे हे दाखवायला. राहतात पश्चिम किनाऱ्यावर, कित्येक जण तर अंधेरी वेस्टला, आणि नाव ईस्ट इंडियन.) दोनशे वर्षांच्या राज्याने शब्द दिले, पण घरातली भाषा काही हलली नाही.

आता फारशीकडे. हा मामला पोर्तुगीजपेक्षा फार मोठा. दरबार फारशीत चालायचा, त्यामुळे कागदोपत्री मराठीचा चेहराच बदलला होता. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तीन काळांतली पत्रं घेऊन चक्क शब्द मोजले. १६२८ च्या पत्रात फारशी शब्द सुमारे ८५ टक्के, १६७७ च्या पत्रात सुमारे ३७ आणि १७२८ च्या पत्रात जेमतेम ६. आमच्या भाषेत सांगायचं तर सॅम्पल साइज फारच छोटा आहे, पण आलेखाची दिशा स्पष्ट आहे.

ही घसरण आपोआप झाली नाही. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली सुमारे १४०० फारशी-दख्खनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, दहा वर्गांत लावून. अष्टप्रधानांची नावंही बदलली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती आणि पेशव्याचा पंतप्रधान.

पुढे काय झालं? यातले सचिव आणि मंत्री आजही मंत्रालयात बसतात. साडेतीनशे वर्षं टिकलेलं रिफॅक्टरिंग, गंमत नाही! पण काढून टाकलेले शब्द मेले का? छे! ते आडनावांत जाऊन बसले. मुजुमदार, सुरनीस, वाकनीस, डबीर, सरनोबत, शिवाय चिटणीस, पोतनीस, सबनीस, फडणीस... यातला 'नीस' म्हणजे फारशी 'नवीस', लिहिणारा. आणि 'पेशवा' हा फारशी शब्द तर असा परतला की पुढच्या शतकाचं नावच पेशवाई पडलं. राजाचा हुकूम होता, कोश होता, तरी काही शब्दांनी ऐकलं, काहींनी नाही.

दुसरा मोठा प्रयत्न सावरकरांचा. १९२४ नंतर रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ हाती घेतली. महापौर, महापालिका, दिनांक, क्रमांक, चित्रपट, मध्यंतर, दूरध्वनी हे शब्द त्यांनी सुचवलेले किंवा रुळवलेले म्हणून ओळखले जातात. वाद जोरात झाला. यातलं सगळ्यात मजेदार पात्र म्हणजे माधव ज्युलियन. फारशीचे प्राध्यापक, मराठीत गझल आणणारे, १९२५ साली फार्शी-मराठी कोश काढणारे. हा माणूस आधी भाषाशुद्धीच्या विरोधात होता आणि नंतर तिचा खंदा समर्थक झाला, इतका की १९३८ साली त्यावर 'भाषाशुद्धि-विवेक' नावाचं पुस्तकच लिहिलं.

याचा निकालही मिश्रच. महापौर इतका रुळला की तो कोणी बनवला होता हे सांगूनही पटत नाही. 'चित्रपट' छापला जातो, पण आपण बघतो तो पिक्चर. दूरध्वनी कागदावरच राहिला आणि त्याचं धाकटं भावंड भ्रमणध्वनी लग्नपत्रिकेवर. खिशात मात्र फोन. स्टेशनात उद्घोषणा होते 'फलाट क्रमांक'. त्यातला क्रमांक शुद्धीचा आणि फलाट म्हणजे इंग्रजी प्लॅटफॉर्म, आपल्या माणसांनी तोंडात घोळवून गुळगुळीत केलेला. दोघं शेजारी शेजारी सुखाने नांदतायत. असो.

मग शब्द आपला झाला हे ओळखायचं कशावरून? कोशावरून नाही, मूळ देशावरूनही नाही. मला सापडलेली चाचणी एकदम साधी आहे. मराठीत नामाला प्रत्यय लागताना नाम स्वतः बदलतं. घोडा, पण घोड्याला. शाळेत आपण याला सामान्यरूप म्हणत मार खाल्ला. आता बघा, आपण 'बटाटाची भाजी' म्हणतो का? बटाट्याची म्हणतो. चावी-चाव्या, खुर्ची-खुर्च्या (ही खुर्ची अरबी बरं का). इंग्रजी फाईलचंसुद्धा 'फायली' झालं. आजोबा लोक 'ऑफिसात', 'कॉलेजात', 'टेबलावर' म्हणतात, आपण 'ऑफिसमध्ये' म्हणतो. म्हणजे काही शब्द अजून उंबरठ्यावर आहेत. १६२८ च्या त्या ८५ टक्केवाल्या पत्रातही नामं फारशी होती, पण ती जोडणारे प्रत्यय आणि क्रियापदं मराठी. म्हणून तर ते पत्र मराठी ठरलं आणि पन्नास-शंभर वर्षांत शब्द बदलता आले. यंत्र चालू होतं, फक्त कच्चा माल बदलला.

आता खरी काळजीची गोष्ट. परवा नात्यातला एक सात वर्षांचा मुलगा मला म्हणाला, "मी माझा मोठा भाऊला सांगेन." यात एकही परका शब्द नाही. मुलुंडकराच्या नियमाने दंड शून्य! आणि तरीही, 'माझ्या मोठ्या भावाला' म्हणणारं ते यंत्रच इथे बंद पडलंय. 'ठाणेला उतर', 'पुणेला जातोय' हे तर मोठ्या माणसांकडूनही रोज ऐकतो. "सर्व्हरवर कालची फाईल टाकलीय, जरा बघून घे" या वाक्यातले दोन शब्द इंग्रजी, पण मला विचाराल तर ती ठणठणीत मराठी आहे. फाईल टाकली, सर्व्हर टाकला. लिंगसुद्धा न शिकवता बरोबर लागलं.

आणि या बाबतीत आपण करतो काय, तर हसतो. आमचा बोरिवलीकर एकदा म्हणाला, "मला तिकीट नाही भेटलं." मुलुंडकर टेबल वाजवून हसला: "तिकीट मिळतं रे, भेटतात माणसं!" बोरिवलीकराच्या घरी, चाळीत सगळे तसंच बोलतात. त्याची विभक्ती, सामान्यरूपं सगळी जागच्या जागी असतात. पण त्या दिवसापासून बघतोय, जरा गंभीर काही बोलायचं असलं की तो आमच्याशी हिंदीत सुरू होतो. फारशीला जे काही शतकांत जमलं नाही आणि पोर्तुगीजांना दोनशे वर्षांत, ते एका हसण्याने झालं. मराठी माणसाने मराठी माणसासमोर मराठी सोडली.

त्या सात वर्षांच्या पोराला मी हसलो नाही. नुसतं म्हटलं, "हो का, मोठ्या भावाला सांगशील? सांग सांग, तुझ्या भावाला घाबरतो की काय मी!" पाच मिनिटं भांडलो आम्ही. तेवढ्यात 'भावाला' चार वेळा त्याच्या कानावर गेलं आणि पाचव्यांदा त्याच्या तोंडून आलं. प्रयोग एकाच नगावर झालाय हे मान्य. पण खर्च शून्य आहे, करून बघायला हरकत नाही.

शब्दांचं मग त्यांचं ते बघून घेतील. उद्या सकाळी अंधेरी स्टेशनाबाहेर सीप्झसाठी जी रिक्षा पकडाल ना, तो शब्द मूळचा जपानी, जिनरिक्षा. पण आपण रिक्षेत बसतो आणि रिक्षेने जातो, जसं भाषेत बोलतो आणि भाषेने भांडतो. कोणी शिकवलं नव्हतं, कोणी दंडही केला नव्हता.