गनबोटीपासून मिसाईल बोटीपर्यंत

मागच्या व्याख्यानात आपण पाणतीर नौकांपाशी थांबलो होतो. आज पुढं जायचंय, पण आधी थोडं मागं जाऊ.

1867 मध्ये ब्रिटिश नौदलासाठी 'स्टाँच' नावाची गनबोट पाण्यात उतरली. लांबी पंचवीस मीटरच्याही आत, आणि तिच्यावर बारा टनांची एकच नऊ इंची तोफ. आराखडा जॉर्ज रेंडेल यांचा. ही तोफ डावीउजवीकडे वळत नसे. नेम धरायचा तर अख्खी बोटच वळवायची. समुद्र खवळला की तोफ यंत्रानं खाली पोटात उतरवून ठेवायची. किनाऱ्याजवळच वापरायची चीज ही. जहाज कसलं, तरंगता तोफेचा गाडाच म्हणा ना!

आता 1950 चं दशक संपत आलेला सोव्हिएत संघ. अमेरिकेच्या विमानवाहू नौकांशी बरोबरी करायला पैसा नाही, वेळ नाही. तेव्हा त्यांनी हाताशी असलेली लाकडी पाणतीर नौका घेतली, पाणतीरांच्या नळ्या काढल्या आणि मागच्या बाजूला पी-15 क्षेपणास्त्रांच्या दोन पेट्या बसवल्या. हीच 'कोमार'. रशियन भाषेत कोमार म्हणजे डास. बोट साठ-सत्तर टनांची, एकेक क्षेपणास्त्र दोन टनांहून जड, पल्ला सुमारे चाळीस किलोमीटर. गंमत बघा, पेट्या इथंही पक्क्या बसवलेल्या. तोंड बोटीनंच वळवायचं. रेंडेल असते तर त्यांनी ओळखली असती.

21 ऑक्टोबर 1967. इजिप्तच्या कोमार बोटींनी पोर्ट सैदचं बंदर न सोडताच 'एलात' ही इस्रायली विनाशिका बुडवली. 47 नौसैनिक गेले. तोपर्यंत या बोटींना खेळणं समजणारी नौदलं त्या दिवसापासून कामाला लागली.

पण गनबोटीचा जुना रोग गेला नव्हता. इंधन थोडं, पल्ला तोकडा. भारतानं घेतलेल्या आठ 'ओसा' बोटी कोमारपेक्षा मोठ्या, पोलादी, चार क्षेपणास्त्रांच्या; तरी मूळ हेतू किनारा राखण्याचाच. त्या उतरवण्याजोगी क्रेन मुंबईत नव्हती, म्हणून 1971 च्या सुरुवातीला त्या कोलकात्याला उतरवल्या आणि तिथून ओढत मुंबईला आणल्या. आमच्या मते खरा शोध इथं लागला. बोट ओढून नेता येते, म्हणजे तिचं इंधन हल्ल्यासाठी राखता येतं. किनारा राखणारी बोट दुसऱ्याच्या किनाऱ्यावर नेता येते!

4 डिसेंबर 1971 च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन बोटी कराचीवर गेल्या. निर्घातचं पहिलं क्षेपणास्त्र पाकिस्तानच्या 'खैबर' विनाशिकेवर आदळलं. खैबरनं घाईघाईनं बिनतारी संदेश धाडला, तो शत्रूच्या विमानानं हल्ला केल्याचा. बोट त्यांना दिसलीच नव्हती. मग दुसरं क्षेपणास्त्र आलं.